टर्मिनलच्या प्रकाराची निश्चिती : संगणक प्रणालीतील ओळखपद्धतींचा चिकित्सक परिचय

सारांश

वापरकर्त्याचे टर्मिनल कोणत्या प्रकारचे आहे हे ठाऊक असल्याखेरीज संगणक प्रणालीला पडद्यावर योग्य ठिकाणी योग्य अक्षर उमटविता येत नाही. तथापि जोडणीच्या तारेतून केवळ अक्षरांचे संकेत येतात, टर्मिनलची ओळख येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रामुख्याने चार पद्धती रूढ झाल्या : व्यवस्थापकाने केलेली नोंद, वापरकर्त्याने दिलेले उत्तर, पलीकडील आज्ञावलीने कळविलेले नाव आणि खुद्द टर्मिनललाच विचारलेला प्रश्न. प्रस्तुत लेखात या पद्धतींचे कार्य मुख्यतः युनिक्स परंपरेच्या आधारे स्पष्ट केले आहे. यांपैकी कोणतीही पद्धत टर्मिनलचे प्रत्यक्ष निरीक्षण करीत नाही. प्रत्येक पद्धत कोणाच्या तरी कथनावर विसंबून असते, हे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : टर्मिनल, युनिक्स, टर्मकॅप, टर्मइन्फो, टेलनेट, नियंत्रण संकेत, देवनागरी

प्रस्तावना

दूरच्या संगणकावर लॉग-इन करून संपादन-आज्ञावली उघडावी आणि मजकुराऐवजी पडद्यावर चौकोनी कंस, अंक व अर्धविरामांची गर्दी व्हावी. बाणाची कळ दाबली असता कर्सर वर जाण्याऐवजी मजकुरात 'ए' किंवा 'बी' हे रोमन अक्षर घुसावे, असा अनुभव संगणकावर आज्ञा टंकून काम करणाऱ्या अनेकांना आलेला असतो. अशा वेळी संगणक बिघडला असा समज होतो. वस्तुतः संगणक, जोडणी व टर्मिनल ही तिन्ही बहुधा निर्दोष असतात. प्रणालीने टर्मिनलविषयी करून घेतलेला समज तेवढा चुकलेला असतो.

टर्मिनल म्हणजे अक्षरांच्या माध्यमातून संगणकाशी संवाद साधण्याचे साधन होय. आरंभी ते कळफलक आणि छपाईयंत्र यांचे एकत्रित रूप होते. पुढे कागदाची जागा काचेच्या पडद्याने घेतली. आज बहुतांश टर्मिनले ही स्वतंत्र यंत्रे नसून संगणकाच्या पडद्यावरील एका चौकटीत चालणाऱ्या आज्ञावल्या आहेत. जुन्या यंत्रांचे वर्तन त्या जसेच्या तसे वठवितात, म्हणून त्यांना 'एम्युलेटर' असे म्हणतात. यंत्र गेले, परंतु त्याच्या प्रकाराचा प्रश्न मागे राहिला. तो प्रश्न मुळात का निर्माण झाला आणि प्रणालीने त्याची कोणती उत्तरे शोधली, हे समजून घेणे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यास व सामान्य वापरकर्त्यासही उपयुक्त ठरावे.

लेखाची उद्दिष्टे

१) टर्मिनलचा प्रकार जाणून घेण्याची गरज कशी निर्माण झाली, हे स्पष्ट करणे.
२) प्रकार निश्चित करण्याच्या चार प्रमुख पद्धतींचे कार्य समजावून सांगणे.
३) प्रत्येक पद्धतीची मर्यादा व तिच्यातील धोका दाखविणे.
४) देवनागरी लिपीच्या संदर्भात या प्रश्नाचे स्वरूप विशद करणे.

१. प्रश्नाचा उगम

१९६३ मध्ये बाजारात आलेले 'टेलिटाइप मॉडेल ३३' हे यंत्र प्रारंभीच्या लघुसंगणकांचे नित्याचे टर्मिनल होते. सेकंदाला १० अक्षरे या गतीने ते कागदावर छपाई करी. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये युनिक्सची पायाभरणी केली, त्या काळातील हे साधन होय. युनिक्समध्ये टर्मिनलला आजही 'टीटीवाय' म्हणतात. तो 'टेलिटाइप' या नावाचाच संक्षेप आहे. कागदावर छापणाऱ्या यंत्राच्या क्षमता मोजक्या होत्या : अक्षर उमटविणे, ओळ पुढे सरकविणे, छपाईचे शीर्ष डावीकडे आणणे व घंटी वाजविणे. या कामांचे संकेत 'आस्की' या मानक संकेतावलीत ठरलेले असल्याने यंत्र कोणते आहे याची चौकशी करण्याचे फारसे कारण नव्हते.

काचेच्या पडद्याने ही स्थिती पालटली. पडद्यावर कर्सर हव्या त्या ओळीत व स्तंभात नेता येतो, मधलाच मजकूर पुसता येतो, अक्षरे ठळक करता येतात. मात्र या क्रियांसाठी आस्कीमध्ये स्वतंत्र संकेत नव्हते. म्हणून उत्पादकांनी 'एस्केप' या चिन्हाचा आधार घेतला. एस्केपनंतर येणारी अक्षरे छापावयाची नसून ती आज्ञा समजावी, असा संकेत रूढ झाला. परंतु त्या आज्ञेची भाषा प्रत्येक उत्पादकाने आपापल्या सोयीने ठरविली.

एका उदाहरणाने हा मुद्दा स्पष्ट होईल. कर्सर पाचव्या ओळीतील दहाव्या स्तंभावर न्यावयाचा आहे असे समजू. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हीटी-१०० (१९७८) या टर्मिनलला त्यासाठी एस्केप, डावा चौकोनी कंस, ५, अर्धविराम, १० आणि मोठा 'एच' अशी अक्षरे पाठवावी लागतात. लिअर सिग्लर कंपनीच्या एडीएम-३ए (१९७६) या टर्मिनलला तीच गोष्ट एस्केप, बरोबरचे चिन्ह, डॉलरचे चिन्ह आणि उजवा गोल कंस अशी सांगावी लागते. डॉलर व कंस यांचा येथे पैशाशी वा विरामचिन्हांशी संबंध नाही. ओळी व स्तंभ शून्यापासून मोजले तर पाचवी ओळ ४ आणि दहावा स्तंभ ९ ठरतो. त्यांत ३२ मिळविले असता अनुक्रमे ३६ व ४१ या संख्या येतात आणि आस्कीमध्ये याच क्रमांकांची ती चिन्हे आहेत. डिजिटलच्याच व्हीटी-५२ (१९७५) या आधीच्या टर्मिनलमध्ये गणित हेच, परंतु बरोबरच्या चिन्हाऐवजी मोठा 'वाय' पाठवावा लागे. म्हणजे एकाच कंपनीच्या, तीन वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन यंत्रांचीही बोली एक नव्हती. एका यंत्राची बोली दुसऱ्याला ऐकविल्यास आज्ञेतील अक्षरेच पडद्यावर उमटतात. प्रस्तावनेत उल्लेखिलेल्या गोंधळाचे मूळ हे आहे.

१९७९ मध्ये अमेरिकेत 'एक्स ३.६४' या मानकाने या आज्ञांना एकरूपता देण्याचा प्रयत्न केला आणि व्हीटी-१०० च्या लोकप्रियतेमुळे ती बोली सर्वत्र पसरली. परंतु जुनी यंत्रे लगेच हद्दपार झाली नाहीत. शिवाय मानक पाळणाऱ्या टर्मिनलांतही कोणाला रंग दाखविता येत, कोणाला १३२ स्तंभ दाखविता येत, कोणाला यांपैकी काहीच नाही.

येथे स्वाभाविकपणे प्रश्न पडतो की, जोडलेले यंत्र कोणते आहे हे संगणकाला आपोआप का कळू नये? याचे उत्तर जोडणीच्या स्वरूपात आहे. त्या काळची टर्मिनले आरएस-२३२ या क्रमिक जोडणीने संगणकाला जोडलेली असत. या जोडणीतील तारा पाठविलेली व आलेली माहिती वाहतात, तसेच पलीकडचे साधन सज्ज आहे किंवा नाही एवढे सांगतात. साधनाचे नाव सांगणारी तार त्यांत नाही. युनिक्समध्ये जोडणीची गतीदेखील अंदाजाने ठरवावी लागे : पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसू लागली की वापरकर्त्याने 'ब्रेक' कळ दाबावी आणि प्रणालीने क्रमाने पुढची गती वापरून पाहावी, अशी रीत होती. गतीच्या बाबतीत अशी पारख शक्य होती, कारण पर्याय मोजके होते. प्रकाराच्या बाबतीत पर्याय शेकडो होते.

२. वर्णनांचा संग्रह

या समस्येचे दोन भाग पडतात. 'अमुक प्रकारच्या टर्मिनलची बोली कोणती?' हा पहिला आणि 'समोरचे टर्मिनल कोणत्या प्रकारचे?' हा दुसरा. युनिक्स परंपरेने हे दोन भाग वेगळे केले, हे तिचे वैशिष्ट्य होय.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत बिल जॉय यांनी १९७८ मध्ये दिले. एडीएम-३ए टर्मिनलवर काम करताना त्यांनी 'व्हीआय' हे संपादन-साधन घडविले होते. हे साधन अन्य टर्मिनलांवरही चालावे, यासाठी प्रत्येक टर्मिनलची बोली आज्ञावलीत न गुंफता एका स्वतंत्र फाइलीत नोंदविण्याची कल्पना पुढे आली. ही फाइल म्हणजे 'टर्मकॅप'. तीत प्रत्येक टर्मिनलची एक नोंद असून नोंदीच्या आरंभी त्याची नावे व पुढे त्याचे गुण दिलेले असतात. 'सीएम' या दोन अक्षरांपुढे कर्सर नेण्याची आज्ञा, 'सीएल'पुढे पडदा पुसण्याची आज्ञा, 'सीओ'पुढे स्तंभसंख्या व 'एलआय'पुढे ओळींची संख्या, अशी ही मांडणी आहे. एखादी आज्ञा पार पाडण्यास यंत्राला काही मिलिसेकंद लागत असतील, तर तेवढा विरामही नोंदीत सांगता येतो. १९८१-८२ मध्ये मार्क हॉर्टन यांनी याच कल्पनेचा विकास करून 'टर्मइन्फो' ही रचना सिद्ध केली आणि ती 'सिस्टिम पाच'च्या दुसऱ्या आवृत्तीत समाविष्ट झाली. आज प्रचलित असलेल्या 'एनकर्सेस' या संचाबरोबर मिळणाऱ्या टर्मइन्फो संग्रहात हजाराहून अधिक वर्णने आहेत.

एवढ्या मोठ्या संग्रहाचे कुलूप उघडते ते केवळ एका नावाने. युनिक्समध्ये हे नाव 'टर्म' या चलात ठेवले जाते. वापरकर्त्याच्या सत्रात सुरू होणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीला हा चल वारशाने मिळतो. आज्ञावली 'टर्म'चे मूल्य वाचते, त्या नावाची नोंद शोधते आणि तीतील बोली वापरू लागते. नाव खरे आहे किंवा नाही, हे तपासण्याची कोणतीही तरतूद या साखळीत नाही. त्यामुळे 'टर्म'मध्ये हे नाव कोणी व कशाच्या आधारे लिहिले, या प्रश्नाला सर्वाधिक महत्त्व प्राप्त होते. पुढील चार पद्धती ही त्याची चार उत्तरे आहेत.

३. पहिली पद्धत : व्यवस्थापकाची नोंद

टर्मिनल ज्या मार्गाने संगणकाला जोडले आहे त्या मार्गावरून त्याचा प्रकार ठरविणे, ही सर्वांत साधी पद्धत होय. प्रारंभीच्या बर्कले युनिक्समध्ये 'टीटीवायटाइप' नावाची एक फाइल असे. तीत अमुक क्रमांकाच्या मार्गावर अमुक प्रकारचे टर्मिनल आहे, अशी यादी व्यवस्थापक तयार करी. पुढे ४.३ बीएसडी (१९८६) या आवृत्तीत ही माहिती 'टीटीज' या फाइलीत समाविष्ट झाली. वापरकर्ता लॉग-इन करताच प्रणाली त्याचा मार्ग पाहून यादीतील नाव 'टर्म'मध्ये ठेवी.

टर्मिनल एका खोलीत, एका मेजावर, एका तारेने कायमचे जोडलेले असेल तर ही पद्धत उत्तम चालते. आजही लिनक्सच्या मूळ कन्सोलला 'लिनक्स' हे नाव याच तत्त्वाने मिळते, कारण त्या मार्गावर दुसरे साधन असण्याचा संभव नाही. परंतु नोंद मार्गाची असते, यंत्राची नव्हे. कोणी यंत्रांची अदलाबदल केली आणि यादी तशीच राहिली, तर प्रणाली जुन्याच यंत्राशी बोलत राहते. मोडेम आल्यावर तर या पद्धतीचा आधारच ढासळला. दूरध्वनीच्या तारेवरून आज एक टर्मिनल जोडले जाई, उद्या दुसरे. अशा मार्गांपुढे यादीत टर्मिनलचे नाव लिहिणे अशक्य झाल्याने 'डायलअप' एवढीच नोंद करण्यात येऊ लागली. ती नोंद म्हणजे अज्ञानाची प्रामाणिक कबुली होती.

४. दुसरी पद्धत : वापरकर्त्याला विचारणे

ज्याची नोंद करता येत नाही ते समोरच्या माणसाला विचारावे, हा दुसरा मार्ग. बर्कले युनिक्समधील 'टीसेट' ही आज्ञा यासाठी प्रसिद्ध आहे. मार्ग 'डायलअप' असेल तर टर्मिनल बहुधा व्हीटी-१०० असावे, तरीही वापरकर्त्याला विचारून खात्री करावी, अशी सूचना प्रत्येकाला आपल्या प्रारंभ-फाइलीत लिहून ठेवता येत असे. लॉग-इन होताच पडद्यावर 'टर्म' हा शब्द, बरोबरचे चिन्ह आणि कंसात अपेक्षित नाव उमटे. ते मान्य असल्यास केवळ एंटर कळ दाबावी, नसल्यास दुसरे नाव टंकावे.

या पद्धतीत निर्णय त्या माणसाकडे जातो, ज्याला यंत्र डोळ्यांनी दिसते. हा तिचा मोठा गुण. परंतु वापरकर्त्याला यंत्रावरील नाव व संग्रहातील नाव यांचा मेळ घालता येईल, असे तीत गृहीत धरलेले असते. नवखा वापरकर्ता सवयीने एंटर दाबतो आणि न तपासलेला अंदाज त्याच्या संमतीने सत्य ठरतो. संग्रहात नसलेले नाव दिल्यास प्रणाली हरकत घेते. संग्रहात असलेले चुकीचे नाव मात्र ती निमूटपणे स्वीकारते. नाव अस्तित्वात आहे एवढेच तिला पारखता येते, ते लागू आहे किंवा नाही हे पारखता येत नाही.

काहीच निश्चित न झाल्यास 'डम्ब' हा प्रकार हाताशी असतो. कर्सर हवा तेथे नेण्याची क्षमता नसलेले, एका ओळीखाली दुसरी ओळ छापणारे टर्मिनल, असे त्याचे वर्णन आहे. या प्रकारात मूळ 'व्हीआय' पूर्ण पडद्याऐवजी एकेका ओळीचे संपादन करू लागे. सोय कमी होते, परंतु मजकूर वाचनीय राहतो. चुकीची खात्री बाळगण्यापेक्षा अज्ञान मान्य करणे कमी हानिकारक असते, हे तत्त्व येथे दिसते.

५. तिसरी पद्धत : पलीकडील आज्ञावलीचे कथन

संगणकांची जाळी विस्तारल्यावर वापरकर्ता एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाऊ लागला. पहिल्या संगणकाला टर्मिनलचा प्रकार आधीच ठाऊक असल्यास त्याने तो दुसऱ्याला कळवावा, हे ओघाने आले. ४.२ बीएसडी (१९८३) मधील 'आरलॉगिन' ही आज्ञा जोडणीच्या आरंभीच वापरकर्त्याच्या नावांपाठोपाठ टर्मिनलचे नाव व गती एका तिरप्या रेषेने जोडून पाठवी.

टेलनेट या प्रोटोकॉलने हेच काम अधिक पद्धतशीर रीतीने केले. त्यातील टर्मिनल-प्रकाराच्या पर्यायाचा क्रमांक २४ आहे. सर्व्हर प्रथम 'हा पर्याय वापरशील काय?' अशी पृच्छा करतो. वापरकर्त्याच्या बाजूची आज्ञावली होकार वा नकार देते. होकार मिळाल्यास सर्व्हर 'नाव पाठव' असा संदेश धाडतो आणि पलीकडून 'नाव अमुक आहे' असे उत्तर येते. ही देवघेव नेहमीच्या मजकुरात मिसळू नये म्हणून अशा प्रत्येक संदेशाची सुरुवात २५५ या मूल्याच्या खास बाइटने होते.

१९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १०९१ या दस्तऐवजाने त्यात एक चतुर भर घातली. एम्युलेटर एकाहून अधिक टर्मिनलांचे सोंग घेऊ शकतो. म्हणून सर्व्हरला न ओळखता येणारे नाव आल्यास त्याने पुन्हा विचारावे आणि पलीकडील आज्ञावलीने दर वेळी आपल्या यादीतील पुढचे नाव सांगावे, असे ठरले. तेच नाव लागोपाठ दोनदा आले की यादी संपली असे समजावयाचे. येथे टर्मिनलचा प्रकार ही शोधून काढण्याची वस्तुस्थिती राहिली नाही; दोन्ही पक्षांना मानवेल अशा नावावर झालेली ती तडजोड ठरली.

आयबीएमच्या मोठ्या संगणकांच्या ३२७० मालिकेतील टर्मिनलांबाबत तर या तडजोडीवर सर्वच अवलंबून असते. ही टर्मिनले अक्षरागणिक न बोलता भरलेला पडदा एकत्रित पाठवितात. टेलनेटवरून असे सत्र सुरू करताना पर्याय २४ द्वारे या मालिकेतील नाव कळले तरच सर्व्हर त्या पद्धतीकडे वळतो. नाव चुकले तर संवादाची संपूर्ण रीतच बदलते.

सुरक्षिततेच्या कारणास्तव टेलनेट मागे पडले. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात तातू इलोनेन यांनी निर्माण केलेल्या 'एसएसएच'ने त्याची जागा घेतली. २००६ च्या आरएफसी ४२५४ नुसार एसएसएचमध्ये टर्मिनलची मागणी करणाऱ्या एकाच संदेशात 'टर्म'चे मूल्य तसेच पडद्याची रुंदी व उंची पाठविली जाते. वाटाघाट नाही, दुसरे नाव सांगण्याची संधी नाही. संदेश गुप्त राहतो, वाटेत कोणी त्यात बदल करू शकत नाही. परंतु मुळात सांगितलेले नाव खरे असल्याची हमी गुप्तता देत नाही.

६. चौथी पद्धत : टर्मिनललाच प्रश्न

मध्यस्थांना वगळून खुद्द टर्मिनललाच 'तू कोण?' असे विचारणे हा सर्वांत सरळ मार्ग वाटतो. ही कल्पना संगणकापेक्षाही जुनी आहे. टेलेक्स सेवेत पलीकडच्या यंत्राला हाच प्रश्न विचारता येई आणि ते यंत्र आपली ठरलेली ओळख परत पाठवी. १९६३ च्या आस्कीमध्ये ५ क्रमांकाचे चिन्ह याच प्रश्नासाठी राखलेले होते. टेलिटाइप ३३ मध्ये उत्तरासाठी एक लहान दंडगोल असे. त्यावरील दाते मोडून यंत्राची ओळख कायमची कोरली जाई.

पडद्याच्या टर्मिनलांत या प्रश्नाला नेमके रूप आले. व्हीटी-५२ ला एस्केप व मोठा 'झेड' पाठविल्यास ते एस्केप, तिरपी रेषा व 'के' असे उत्तर देई. व्हीटी-१०० ला एस्केप, डावा चौकोनी कंस व लहान 'सी' ही अक्षरे पाठविली असता एस्केप, डावा कंस, प्रश्नचिन्ह, १, अर्धविराम, आणखी एक अंक व 'सी' असे उत्तर येते; त्यातील दुसरा अंक यंत्रात बसविलेल्या जादा सुविधा सांगतो. डिजिटलच्या व्हीएमएस प्रणालीत टर्मिनलला अशी विचारणा करून त्याचे गुण ठरविण्याची आज्ञाच उपलब्ध होती.

या मार्गातही तीन अडचणी आहेत. पहिली, प्रश्न विचारण्यासाठीच टर्मिनलची बोली ठाऊक असावी लागते. ज्याला प्रश्न समजत नाही ते टर्मिनल गप्प राहते किंवा प्रश्नच पडद्यावर छापते. प्रणालीने किती वेळ वाट पाहावी, हे ठरविणेही कठीण. दुसरी, टर्मिनलचे उत्तर कळफलकाच्याच मार्गाने येते. जाळे संथ असल्यास उत्तर उशिरा पोहोचते. तोवर प्रश्न विचारणारी आज्ञावली संपलेली असते आणि प्रश्नचिन्ह, १, अर्धविराम, २, 'सी' अशी अक्षरे जणू वापरकर्त्यानेच टंकली आहेत अशा थाटात आज्ञेच्या ओळीत अवतरतात.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे. टर्मिनलचे उत्तर व माणसाचे टंकन यांत प्रणाली भेद करू शकत नाही. काही टर्मिनलांत उत्तराचा मजकूर बाहेरून पाठविलेल्या संकेतांनी बदलता येत असे. म्हणजे खोडसाळ व्यक्तीने पत्रात वा फाइलीत असे संकेत दडविले, तर ते केवळ वाचणाऱ्याच्या टर्मिनलकडून त्याच्याच अधिकारात आज्ञा टंकविता येणे शक्य होते. या धोक्यामुळेच 'एक्सटर्म'सारख्या आजच्या एम्युलेटरमध्ये चौकटीचे शीर्षक परत कळविण्याची सोय मुळात बंद ठेवलेली असते.

७. नाव आणि वास्तव

आज टर्मिनल आणि त्यातील पहिली आज्ञावली बहुधा एकाच संगणकावर असल्याने एम्युलेटर स्वतःच 'टर्म'चे मूल्य ठरवितो. आता तरी नाव व वास्तव एक व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात तसे घडलेले नाही. लिनक्सच्या कन्सोलला ओळख विचारली असता ते आपण व्हीटी-१०२ असल्याचे सांगते. वस्तुतः ते रंग दाखविते आणि मूळ व्हीटी-१०२ ला रंग ठाऊक नव्हते. अनेक एम्युलेटर 'एक्सटर्म-२५६कलर' हे नाव धारण करतात, जरी ते एक्सटर्म नसले तरी.

याचे कारण व्यावहारिक आहे. एखाद्या नव्या एम्युलेटरने आपले खरे नाव सांगितले आणि दूरच्या जुन्या सर्व्हरवरील संग्रहात ते नसले, तर 'अनोळखी टर्मिनल' असा संदेश देऊन आज्ञावली काम नाकारते. परिचित नाव सांगणाऱ्याचे मात्र बहुतेक काम निभावते. अशा व्यवस्थेत खरे बोलणाऱ्याची गैरसोय व सोंग घेणाऱ्याची सोय होते. इंटरनेटवरील जवळजवळ सर्व ब्राउझर आपली ओळख 'मोझिला' या शब्दाने सुरू करतात, त्यामागेही हीच प्रेरणा आहे.

खोट्या नावाची किंमत पुढे चुकवावी लागते. एकाच नावाखाली भिन्न क्षमतांची साधने आल्याने नावावरून क्षमता कळेनाशी होते. परिणामी, रंगांच्या माहितीसाठी 'कलरटर्म' हा दुसरा चल रूढ झाला आणि काही आज्ञावल्या एकेका क्षमतेची पृच्छा थेट टर्मिनलकडे करू लागल्या. 'स्क्रीन' (१९८७) व 'टीमक्स' (२००७) यांसारखी साधने एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रे चालवितात. ती आतील आज्ञावलीसमोर स्वतःच टर्मिनल म्हणून उभी राहतात व 'टर्म'मध्ये आपले नाव घालतात. त्यामुळे आतील आज्ञावलीला प्रत्यक्ष पडद्याविषयी काहीच कळत नाही आणि बहुतेक वेळा ते कळण्याची गरजही नसते.

खरे नाव टिकवून अडचण दूर करण्याचा मार्गही उपलब्ध आहे. 'इन्फोकंप' या आज्ञेने आपल्या संगणकावरील वर्णन मजकूररूपात काढून ते दूरच्या संगणकावर 'टिक' या आज्ञेने संकलित केल्यास, व्यवस्थापकाच्या परवानगीवाचून ते वापरकर्त्याच्या स्वतःच्या निर्देशिकेत बसते. सोयीसाठी 'टर्म'चे मूल्य वाटेल तसे बदलण्यापेक्षा हा उपाय निश्चितच श्रेयस्कर आहे.

८. देवनागरीचा संदर्भ

टर्मिनलच्या नावातून लिपीविषयी किती बोध होतो, हा प्रश्न मराठी वापरकर्त्यासाठी महत्त्वाचा आहे. आयएस १३१९४ : १९९१ या भारतीय मानकाने, म्हणजेच 'इस्की'ने, १६१ ते २५० या क्रमांकांच्या जागा भारतीय लिप्यांना दिल्या. व्हीटी-२२० टर्मिनलवर याच वरच्या अर्ध्या भागात युरोपीय भाषांतील विशेष अक्षरे होती. म्हणजे 'व्हीटी-२२०' हे नाव कर्सरच्या बाबतीत अचूक असले, तरी इस्कीतील मराठी मजकूर त्यावर वाचता येणार नव्हता.

युनिकोडमुळे संकेतांचा हा संघर्ष मिटला, परंतु रुंदीचा प्रश्न उरला. टर्मिनलचा पडदा समान रुंदीच्या चौकटींत विभागलेला असतो. 'क्षि' हे अक्षर युनिकोडमध्ये क, हलन्त, ष व वेलांटी अशा चार संकेतांनी बनते. ते किती चौकटी व्यापते, याविषयी सर्व आज्ञावल्यांचे एकमत नाही. कोणी दोन मोजते, कोणी तीन. संपादन-आज्ञावलीचा हिशेब आणि टर्मिनलचा हिशेब जुळला नाही की कर्सर दिसतो एका जागी व अक्षर पुसले जाते दुसऱ्या जागी. टर्मइन्फोच्या वर्णनात या हिशेबासाठी प्रमाण गुणनाम नाही. 'लँग' या चलात मराठी व यूटीएफ-८ यांची नोंद केल्यास मजकूर कोणत्या संकेतपद्धतीत आहे एवढे कळते. टर्मिनल जोडाक्षरे नीट जुळवू शकते किंवा नाही, हे कळत नाही. रोमन लिपीत एक संकेत म्हणजे एक चौकट हे समीकरण सहज मान्य झाले होते. टर्मिनलची वर्णने त्या गृहीतकावर उभी आहेत, याची जाणीव देवनागरी वापरतानाच प्रकर्षाने होते.

निष्कर्ष

१) टर्मिनलच्या प्रकाराचा प्रश्न उत्पादकांच्या भिन्न नियंत्रण-संकेतांमुळे निर्माण झाला आणि जोडणी ओळख वाहून नेत नसल्यामुळे टिकून राहिला.
२) टर्मकॅप व टर्मइन्फो यांनी टर्मिनलांची वर्णने आज्ञावलीपासून वेगळी केली, मात्र त्यामुळे सर्व भार एका नावाच्या अचूकतेवर आला.
३) व्यवस्थापकाची नोंद यंत्र बदलल्यावर, वापरकर्त्याचे उत्तर त्याच्या अज्ञानामुळे, पलीकडील आज्ञावलीचे कथन सोयीच्या सोंगामुळे आणि टर्मिनलचे उत्तर विलंबामुळे वा गैरवापरामुळे फसू शकते.
४) प्रणाली नावाचे अस्तित्व तपासते, सत्यता तपासू शकत नाही.
५) टर्मिनलचे नाव लिपीच्या क्षमतेविषयी मौन बाळगते, देवनागरीसाठी ही उणीव विशेष जाणवते.

समारोप

टर्मिनलचा प्रकार प्रणाली 'ओळखते' असे आपण सहजपणे म्हणतो. वरील विवेचनावरून दिसून येते की, प्रणाली तो ऐकते व मान्य करते. सांगणारा व्यवस्थापक असो, वापरकर्ता असो, दुसरी आज्ञावली असो वा खुद्द टर्मिनल असो; ऐकलेले पडताळून पाहण्यासाठी तिच्याजवळ डोळे नाहीत. पडद्यावरील मजकूर नीट दिसतो किंवा नाही हे शेवटी समोर बसलेल्या माणसालाच दिसते. म्हणून पडद्यावर अक्षरांची गर्दी झाली असता यंत्राला दोष देण्यापूर्वी 'टर्म'मध्ये कोणते नाव आहे आणि ते तेथे कोणी लिहिले, एवढे दोन प्रश्न वापरकर्त्याने स्वतःला विचारावेत. बहुतेक वेळा बिघाडाचे कारण त्यांच्या उत्तरांतच सापडते.